उसाच्या ट्रॉलीचं तेच चाक पुन्हा बेअरिंग खातंय? नवं आणायच्या आधी एवढं बघा

आधी लक्षणं:

- रिकामी ट्रॉली ओढताना एका चाकातून खडखड येते, भरली की तोच आवाज दबून घरघर होते.
- खेप करून थांबल्यावर बाकीचे हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसतं तो भाग) कोमट असतात आणि एकाच हबला हात टेकवत नाही.
- रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे उडालेले दिसतात.
- मागून बघितलं तर चाक डुलतं. टायर एकाच कडेने झिजतो.
- हबची टोपी काढली की नट अडवणारी स्प्लिट पिन तुटलेली किंवा ग्रीस काळंठिक्कर निघतं.
- नवं बेअरिंग घालून दोन-तीन आठवडे झाले नाहीत तोवर त्याच चाकात पुन्हा हेच सगळं सुरू होतं.

वरची पाच लक्षणं कुठलाही फिटर निस्तरतो. सहावं असेल तर बेअरिंगवर खर्च थांबवा, कारण दोष बहुतेक वेळा बेअरिंगच्या आजूबाजूला असतो. साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे बोर्ड लागले, म्हणजे गाळप हंगाम जवळ आला, की निपाणी-चिकोडी भागात माझ्याकडे जी कामं येतात, त्यांतली बरीचशी या सहाव्या प्रकारची असतात.

ह्यात मीही फसलोय. दूधगंगेकाठचा एक पोरगा डाव्या चाकासाठी तीनदा आला. त्यातली दोन बेअरिंगं मीच बसवली होती. चौथ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मामा, दुकानदार डुप्लिकेट देतोय बघा." मलाही तसंच वाटत होतं. मग हब उलटा धरला आणि कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग, आपोआप माझ्या तळहातावर पडला. हबमध्ये ठोकून बसवायचा कप असा पडतो म्हणजे काय, ते पुढे येईल. पण हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

हात लावायच्या आधी

ट्रॉली रिकामी करा. भरलेल्या ट्रॉलीला जॅक लावून चाक काढायचं धाडस करू नका, मग मागे वजनकाट्याची रांग असो नाहीतर टोळीचा मुकादम ओरडत असो. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. आस उचलली की तिच्याखाली जाड ओंडका किंवा स्टँड सरकवा. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. आणि खालची जमीन मऊ पाणंदीची असेल तर जॅकखाली फळी हवीच.

१. हात लावून बघा

दहा-बारा किलोमीटर सलग चालवून थांबलात की चारही हबना हाताचा मागचा भाग टेकवा. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक. एकच जास्त तापला असेल तर तिथून सुरुवात करा. दोन्ही बाजूंची तुलना महत्त्वाची, कारण उन्हात उभी गाडी तशीही तापते. हात टेकवतच नसेल तर हबवर पाण्याचे चार थेंब टाका. चर्र वाजलं तर पुढची खेप विसरा. तसाच चालवलेला हब आसेचं टोक खाऊन टाकतो आणि मग शेकड्यात भागणारं काम हजारांत जातं.

२. चाक उचलून हलवा, पण आधी चाकाचे नट आवळा

रिमचे नट ढिले असले तरी चाक अगदी तसंच डुलतं. नट तपासायच्या आधीच हब उघडून बसलेले मी पाहिलेत. नट घट्ट असतील तर चाक वर-खाली धरून हलवा, मग हळू फिरवा. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानाला लावली की आतलं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग नुसतं सळसळतं. करकर आली तर रोलर किंवा कप खरवडलेला असतो. ठरावीक ठिकाणी 'टक' आलं तर खड्डा.

३. टोपी काढा आणि ग्रीसचा रंग बघा

याला एक पैसा लागत नाही आणि निम्मं कळतं. दुधाळ किंवा चहासारखं ग्रीस असेल तर आत पाणी गेलंय. काळं आणि बोटावर चोळल्यावर चमचमणारं असेल तर धातू झिजून त्यात मिसळलाय. वरून मेणासारखं कडक आणि खाली तेल सुटलेलं असेल तर बहुतेक दोन जातींचं ग्रीस एकत्र झालंय. चाकाला लिथियमवालं, एपी-३ सारखं ग्रीस घालतात. त्यावर कोपऱ्यातल्या डब्यातलं स्वस्त चेसिस ग्रीस चोपडलं की दोन्ही मिळून पातळ होतं आणि गळून जातं. जात माहीत नसेल तर जुनं सगळं डिझेलने धुऊन काढा, बेअरिंग पूर्ण सुकवा, मग एकाच डब्यातलं भरा.

किती भरायचं? बेअरिंगच्या रोलर धरणाऱ्या जाळीत तळहाताने दाबून पूर्ण. हबच्या पोकळीत मात्र अर्ध्याच्या आत. गच्च भरलेला हब आतल्या आत ग्रीस घुसळून तापतो आणि शेवटी सील बाहेर ढकलतो.

टोपी जाग्यावर आहे का तेही बघा. टोपी हरवली म्हणून दुधाची पिशवी कोंबून वर सुतळी बांधलेला हब मी स्वतः उघडलाय. खानापूरकडची तांबडी माती असो की अथणीची काळी, ग्रीसमध्ये गेली की तिची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते.

४. नट आणि पिन

ट्रॉलीच्या हबमध्ये दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरांची, बेअरिंगं असतात: चेसिसच्या बाजूला मोठं, टोपीच्या बाजूला लहान. दोन्ही एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि त्यांच्यातला प्ले, म्हणजे मोकळीक, एकट्या टोकाच्या नटावर ठरतो. बॉल बेअरिंगमध्ये प्ले कारखान्यातूनच ठरून येतो. इथे तो तुमच्या पान्यावर आहे, म्हणून इथे जास्त चुकतं.

आपल्याकडे दोन सवयी आहेत. कुणी पाईप घालून नट आवळतो, "ढिला नको राहायला" म्हणून. मग रोलर दाबले जातात, तापतात, फुगतात, आणखी दाबले जातात. दुसरा पिन बसेल त्या खाचेपर्यंत नट मागे घेतो, कितीही लागो. मग भार रोलरच्या एका टोकावर येतो.

मी असं करतो. चाक दोन्ही दिशांना फिरवत नट आवळायचा, फिरवायला जड जाईपर्यंत. याने रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करून नुसत्या बोटांनी पुन्हा लावायचा, आणि पिनचं भोक जुळत नसेल तर मागच्या जवळच्या खाचेवर आणायचा, पुढच्या नाही. चाक हातात धरून पुढे-मागे ओढलं तर जेमतेम जाणवेल एवढा प्ले राहिला पाहिजे. मोजायचाच असेल तर ०.०३ ते ०.१३ मिमी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या आसपास. पिन दर वेळी नवी. जुनी वाकवून-सरळ करून घातलेली पिन तुटते आणि मग चाक टोपीसकट रस्त्याने एकटं पळतं.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर प्ले पुन्हा बघा. नवा कप थोडा आत बसतो, आणि नट तुमच्या नकळत ढिला होतो.

५. ऑईल सील

स्वस्त वस्तू, पण निम्म्या तक्रारींच्या मुळाशी हीच. सीलची ओठासारखी कड चेसिसच्या मोठ्या बेअरिंगमागे आसेवर घासते. नवं सील घालायच्या आधी आसेच्या त्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलीय आणि नवं सीलही गळणार. चर बारीक असेल तर सील दोन-तीन मिमी पुढे-मागे बसवून कोरी जागा मिळते का बघा. कड ग्रीसने ओली करून मगच बसवा, कोरडं सील पहिल्या किलोमीटरलाच जळतं. आणि प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका. पाणी तिथूनच आत शिरतं.

६. जुनं बेअरिंग फेकू नका, वाचा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. जुनं बेअरिंग डिझेलने धुऊन उजेडात धरायचं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ट्रॉलीची आस फिरत नाही, हब फिरतो. म्हणजे आसेवरचा कोन (बेअरिंगची आतली रिंग) उभाच असतो आणि भार कायम त्याच्या खालच्या बाजूवर पडतो. कप मात्र हबबरोबर फिरतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक भाग पाळीपाळीने भाराखाली येतो. आता कोनवर फक्त खालच्या बाजूला पापुद्रा उडालेला असेल तर ती भाराची झीज आहे, साहजिक. पण कपमध्ये एकाच ठिकाणी खड्डा आणि बाकी कप चकचकीत असेल तर कपच्या मागे काहीतरी आहे: छिन्नीने उठलेला धातूचा काटा, वेल्डिंगचा थेंब, मातीचा खडा. तो उंचवटा कपला तिथे आत ढकलतो आणि रोलर फेरागणिक त्याला ठेचतात. हब साफ न करता नवा कप घातला तर नवा खड्डा त्याच जागी पडणार.

रोलरमधल्या अंतराइतक्या अंतरावर कपमध्ये आडव्या तांबूस-काळ्या रेघा असतील तर ट्रॉली पावसात उभी होती. हंगाम संपला की ट्रॉली बांधावर लागते आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हलत नाही. आत गेलेलं पाणी रोलर टेकलेल्या जागीच गंजवतं. नोव्हेंबरमध्ये पहिल्या पाच-दहा खेपांत ते बेअरिंग बोंबलतं आणि शिव्या ग्रीसला बसतात. अशाच रेघा गंजाशिवाय, चकचकीत खोलगट असतील तर ते हातोड्याचं काम, त्याबद्दल पुढे.

निळसर रंग आला असेल तर पोलाद तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आलंय. नट आवळ होता, नाहीतर ग्रीस नव्हतं. असं बेअरिंग हाताला गुळगुळीत वाटलं तरी पुन्हा घालू नका, त्याचा कडकपणा गेलाय.

आणि एक जे फारसं कुणी बघत नाही: रोलरवर आणि कपमध्ये सुईच्या टोकासारखे काळे ठिपके, किंवा धुण्याच्या पाटीसारख्या बारीक पट्ट्या. हे वेल्डिंगचं. हंगामाआधी फाळका, हुक, चेसिसचे तडे जोडायला वेल्डर येतो आणि अर्थिंगचा चिमटा हाताशी असलेल्या रिमला लावतो. मग करंट रिममधून हबमध्ये, हबमधून बेअरिंगमध्ये आणि तिथून आसेत जातो. प्रत्येक रोलरवर छोटी ठिणगी पडते. चिमटा जिथे जोडताय तिथेच जवळ लावायला सांगा, एवढंच. फुकटचा उपाय आहे.

७. नंबर जुळवा, कप आणि कोन दोन्ही बदला

३०२ किंवा ३२२ने सुरू होणाऱ्या पाच आकडी टेपर बेअरिंगच्या नंबरात शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं: ३२२११ म्हणजे ५५ मिमी, ३२२१३ म्हणजे ६५. पण ३०२११ आणि ३२२११ या दोघांचं भोक ५५ आणि बाहेरचा व्यास १०० मिमीच असतो. जाडी मात्र पहिल्याची २२.७५ आणि दुसऱ्याची २६.७५ मिमी. दुकानात गडबडीत "तेच हाय की" म्हणून दुसरं मिळालं तर ते बसतंही, आणि नट चार मिमी चुकतो. जुन्यावरचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून न्या.

जुना कप तसाच ठेवून नुसता कोन बदलू नका. खरवडलेल्या रस्त्यावर नवा टायर किती दिवस टिकणार?

८. कप घट्ट, कोन सैल

आता त्या पोराच्या हबकडे येऊ. नियम असा: भाराच्या हिशोबाने जी रिंग फिरते ती घट्ट बसली पाहिजे. पाण्याच्या मोटारीत शाफ्ट फिरतो, म्हणून आतली रिंग शाफ्टवर घट्ट ठोकतात. ट्रॉलीत हब फिरतो, म्हणून कप हबमध्ये घट्ट, आणि कोन आसेवर पातळ ग्रीस लावून हाताने सरकला पाहिजे. सैल कोन दोष नाही. तो आसेवर अगदी हळूहळू सरकत राहतो, त्यामुळे झीज एकाच जागी पडत नाही. मोटारी बांधणारे फिटर ट्रॉलीला आले की कोन सैल बघून घाबरतात आणि आसेवर डॉट पंच मारतात, म्हणजे टोकदार पंचाने ठोकून उंचवटे काढतात. मग कोन अडकतो, नटाने प्ले ठरवताच येत नाही.

कप हबमध्ये सैल झाला तर मात्र तो हबबरोबर न फिरता घसरत फिरतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर आरशासारखी चकाकी किंवा गोल ओरखडे दिसतात. घसरताना हबचं भोक झिजतं, कप वाकडा बसतो, नट कितीही नीट लावला तरी प्ले वाढत जातो. त्या पोराच्या हबमध्ये आधी कुणीतरी डॉट पंच मारले होते. पंचाचे उंचवटे दोन खेपांत दबतात आणि कप पुन्हा मोकळा. पत्र्याची पट्टी, थंड पेयाच्या कॅनचा तुकडा, वेल्डिंगचा टाका, हे सगळं त्याच जातीचं. बेअरिंग चिकटवायचं द्रव मिळतं, ते अगदी बारीक ढिलाईला चालतं आणि हबमध्ये तेलाचा अंशही नको असतो. हंगाम निभवायला ठीक, पण कप नुसता हाताने आत जात असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

कप बसवताना तो फ्रीझरमध्ये चार-पाच तास ठेवा. बायकोला आधी सांगा, आमच्याकडे एकदा मटणाशेजारी कप सापडल्यावर जे व्हायचं ते झालं. हब उन्हात तापू द्या. मग कप सरळ ठेवून त्याच्यावर जुना कप उलटा ठेवा आणि त्यावर ठोका, म्हणजे मार कडेवर सगळीकडे सारखा बसतो. बसत आला की 'टण टण' जाऊन 'ठक' असा भरीव आवाज येतो. तळाशी ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पत्ती) शिरली तर अजून बसलेला नाही. पुरा कोन-कप एकत्र धरून कोनवर ठोकलं की मार रोलरमधून जातो आणि कपमध्ये त्या चकचकीत खोलगट रेघा पडतात. नवं बेअरिंग गाडी हलायच्या आधीच गेलेलं असतं. आणि गॅसकटरची ज्योत बेअरिंगला कधी दाखवू नका. तापवायचंच असेल तर गरम तेलात, एकशे दहा अंशांच्या आत.

९. भार

सगळं ठीक, तरीही जातंय? मग वजनकाट्याच्या पावत्या काढा. रोलर बेअरिंगच्या आयुष्याचा हिशोब कडक आहे: भार सव्वापट केला की आयुष्य निम्मं, दुप्पट केला की सुमारे दहावा हिस्सा. वंटमुरीच्या नाहीतर तवंदीच्या घाटातली वळणं आली की बाहेरच्या चाकावर त्याहून जास्त येतं. उसाचा एखादा थर कमी घातला तर मुकादम कुरकुरेल, पण हिशोब तुम्ही करा.

कधी थांबायचं

खालच्यांपैकी काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि ट्रॉली लेथवाल्याकडे किंवा आसेचं काम करणाऱ्याकडे न्या.

आसेच्या टोकाला निळा रंग, चीर, किंवा कोन बसतो त्या जागी नखाला लागेल अशी पायरी. आसेचे आटे गेलेत. आस वाकलेली आहे, म्हणजे दोन्ही टायर एकाच कडेने झिजतायत. हबला तडा. कप हाताने आत-बाहेर होतो. किंवा तिसऱ्यांदा त्याच चाकात बेअरिंग गेलंय आणि वरचं सगळं बघून झालंय. झिजलेल्या आसेवर वेल्डिंग भरून ग्राइंडरने गोल करायचा उद्योग कुणी सुचवला तर नको म्हणा. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि आस नेमकी तिथेच मोडते, तेही भरलेल्या ट्रॉलीखाली.

कारच्या चाकाचं बेअरिंग हा वेगळाच विषय. ते हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसतं, बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरची चुंबकी कड एकाच बाजूला असते आणि उलटं बसलं की दिवा लागतो. ते अंगणात ठोकायचं काम नाही.

त्या पोराचा हब मी बेळगावला उद्यमबागेत पाठवला. टर्नरकडे मापाची चिठ्ठी नाही दिली, नवा कपच हातात दिला. त्याने भोक मोठं करून बुश (धातूची जाड कडी) घातला आणि कपला दोन ते पाच शतांश मिलिमीटर आवळ बसेल असं आतून कापलं. ते चाक पुढचा पूर्ण हंगाम गेलं. गेल्या आठवड्यात पोरगा पुन्हा आला होता, उजवं चाक घरघरतंय म्हणून. बघितलं तर त्याला टोपीच नव्हती.